‘नीट घाबरा’ म्हणणाऱ्या मॅडम

सोनावणे मॅडमनी माझी मुलाखत घेतली तेव्हा त्या माझ्या तोंडाकडे कमी आणि पट्ट्याकडे जास्त बघत होत्या. मी टायपिंगचं सर्टिफिकेट, बंद पडलेल्या कंपनीचं अनुभवपत्र असं सगळं फोल्डरमध्ये लावून नेलं होतं. त्यांनी फोल्डर उघडलंसुद्धा नाही. टेबलावरून पुढे वाकून म्हणाल्या, “पट्ट्याला हे भोक नवीन दिसतंय. कधी पाडलंत?”

“पट्टा माझा नाहीये,” मी म्हणालो. “भाऊजींचा आहे. ताईच्या मिस्टरांचा. त्यांचं पोट मोठं होतं.”

“होतं म्हणजे?”

“म्हणजे ते वारले.”

“कशाने?”

“हार्टने.”

“हं, मग ठीक,” असं म्हणून त्या खुर्चीत मागे टेकल्या. कुणी हार्टने गेल्याचं ऐकून इतकं हायसं वाटलेलं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. मग त्यांनी मला वजनकाट्यावर उभं केलं, शुगर किती वर्षं आहे, कुठली गोळी चालू आहे ते विचारलं आणि म्हणाल्या, “सोमवारपासून या, दामले.” टायपिंगचा विषय शेवटपर्यंत निघाला नाही.

मी मुळात भित्रा माणूस. लहानपणी वीज कडाडली की ताईच्या पदरात तोंड खुपसायचो, आणि बावन्नाव्या वर्षी लॅबचं पाकीट आलं की ते बायकोला उघडायला द्यायचो. मधुमेहाची औषधं आणि कॅन्सर यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे शोधणाऱ्या बाईंकडे अशा माणसाने नोकरी धरावी म्हणजे उंदराने मांजराकडे वॉचमन म्हणून राहावं, तसलं झालं. पण त्या वयात मला कामावर ठेवणारं दुसरं कोणी भेटत नव्हतं.

ऑफिस म्हणजे वर्तकनगरच्या अलीकडे एका मंगल कार्यालयाच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. खाली सनई, वर आम्ही. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या मधुमेही माणसांची एक भलीमोठी यादी आमच्याकडे होती. दर सहा महिन्यांनी प्रत्येकाला फोन करायचा, नाहीतर घरी जायचं. गोळ्या कुठल्या, वजन किती, शुगर किती, ते पांढऱ्या फॉर्मवर लिहायचं. त्या माणसाला मधल्या काळात कॅन्सर निघाला असेल तर पिवळा फॉर्म. खाली मंगलाष्टकं चालू असायची आणि वर मी पिवळा फॉर्म कॉम्प्युटरवर चढवत असायचो. नाव, वय, कुठल्या अवयवाचा, कधी कळलं. पहिल्या आठवड्यात रोज संध्याकाळी मला माझ्याच पोटात काहीतरी गाठीसारखं हाताला लागायचं. बायको म्हणाली, “अहो, बरगडी आहे ती.”

मॅडम ठेंगण्या, पंचावन्नच्या आसपासच्या. सुती साडी, पदर खोचलेला, खाली चक्क मुलांचे पळायचे बूट आणि खांद्यावरच्या कापडी पिशवीत वजनकाटा. लोकांच्या घरातल्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःच्या काट्यावरही नव्हता. रोज सकाळी आल्या आल्या त्या एका जुन्या किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी माप काट्यावर ठेवून बघायच्या. आकडा पाच आला की मगच चहा. मी राहतो तिकडे, कोपरला, त्या फॉर्म भरायला यायच्या तेव्हा बिल्डिंगमधली पोरं ओरडायची, “काटेवाली बाई आली रे!” आणि बायका लगबगीने दारं लोटून घ्यायच्या. आपलं वजन चारचौघांत कोण सांगणार?

पण त्यांना भीती असायची ती वेगळ्याच गोष्टीची. वजन वाढलेलं ऐकलं की त्या नुसतं “हूं” म्हणायच्या. कमी झालेलं ऐकलं की पेन खाली ठेवायच्या. “कसं उतरलं? चालायला जाता? भात सोडलात?” समोरची बाई कौतुकाच्या अपेक्षेने सांगायची की नाही हो, काही न करताच उतरलं, सगळे म्हणतात किती छान दिसतेस. मॅडम तिचा हात हातात घेऊन बांगडी मनगटावरून किती वर सरकते ते बघायच्या. रस्त्याने जातानाही त्यांची नजर लोकांच्या सैल झालेल्या अंगठ्यांवर आणि घड्याळाच्या पट्ट्यांवर. त्यांच्याबरोबर चार महिने हिंडल्यावर मलाही कुणी “काय, बारीक झालास!” म्हटलं की घाम फुटायला लागला.

बाकीचे डॉक्टर पेशंटला म्हणतात, घाबरू नका. मॅडम म्हणायच्या, “घाबरा. पण नीट घाबरा.” नीट घाबरायचं म्हणजे काय, हे त्या बोटांवर सांगत. कशाला घाबरायचं ते ठरवायचं, तपासायचं, आणि तपासून होईपर्यंत चालू असलेलं काही बंद करायचं नाही. “अर्धवट घाबरलेला माणूस हातातली काठी टाकून पळतो,” त्या म्हणायच्या.

या नीट घाबरण्यापायी त्यांची फजितीही व्हायची. डोंबिवलीच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने त्यांना प्रमुख पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. पिशवी धरायला मी बरोबर. वर्षभरात सर्वांत जास्त वजन उतरवल्याबद्दल पेंडसे नावाच्या आजोबांचा सत्कार होता. मॅडमनी शाल उलगडली, आजोबांच्या गळ्याकडे पाहिलं आणि शाल हातातच राहिली.

“काय केलंत हो?” त्यांनी विचारलं.

“काऽही नाही,” आजोबा खूश होऊन म्हणाले. “देवाची कृपा.”

मॅडमचा चेहरा उतरला. शाल घालता घालता त्यांनी आजोबांच्या कानात सांगितलं, “उद्या सकाळी उपाशीपोटी सोनोग्राफीला चला.” पण माईक चालू होता. सबंध हॉलने ते ऐकलं. पेंडसे आजी पहिल्या रांगेतच रडायला लागल्या आणि अल्पोपाहाराचे बटाटेवडे कुणाच्याच घशाखाली गेले नाहीत.

दोन दिवस आम्ही सगळे जीव मुठीत धरून होतो. सोनोग्राफी स्वच्छ निघाली. मग मॅडमनी आजोबांना समोर बसवून खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मुलाने हौसेने करून दिलेली कवळी त्यांना लागत होती. मुलाला वाईट वाटेल म्हणून ते कुणाला बोलले नव्हते आणि वर्षभर ताकभातावर दिवस काढत होते. मंडळाच्या सेक्रेटरींनी फोन करून मॅडमना वाटेल ते सुनावलं. मॅडम सगळं ऐकून “हो, चुकलेच मी, हो,” म्हणत होत्या आणि त्यांच्या तोंडावर आनंद काही मावत नव्हता. त्या दिवशी त्यांनी सगळ्या ऑफिसला खारे शेंगदाणे वाटले. अशा चुकीचा इतका आनंद का होतो, हे मला आंबिवलीला कळलं.

आंबिवलीला एका घरी फॉर्म भरून परतताना त्या एका चाळीपाशी थांबल्या. कोपऱ्यातल्या खोलीकडे बोट करून म्हणाल्या, “आमची.” मग उभ्या उभ्याच सांगितलं. वडील जवळच्या कंपनीत कामाला. रिटायर झाल्यावर त्यांची शुगर एकाएकी वाढली, डॉक्टरांनी नवी गोळी सुरू केली. वजन उतरलं. शेजारीपाजारी म्हणाले, दादा जवान दिसायला लागले. चार-पाच महिन्यांत डोळे पिवळे झाले. स्वादुपिंडात गाठ.

“आई म्हणाली, गोळीने मारलं,” मॅडम म्हणाल्या. “पुढे आईलाही शुगर निघाली. ती काही केल्या गोळी घेईना. नवऱ्याला खाल्लं ते मी तोंडात घालणार नाही, म्हणायची. मी तेव्हा डॉक्टर झाले होते, दामले. घरात डॉक्टर. पण आईने विचारलं, तू छातीला हात लावून सांग, गोळीने नाही झालं? मला सांगता आलं नाही. गोळी आधी की गाठ आधी, तेच माहीत नव्हतं. शुगर वाढली म्हणून गोळी दिली, हे खरं. पण ती शुगर आधीपासून लपून बसलेल्या गाठीनेच वाढवली असेल तर? मी नुसती गप्प बसले. आईचे आधी डोळे गेले, मग किडनी.”

चाळीतून कुणीतरी बाई “विशाखा ना गं तू? ये की चहाला,” म्हणून हाक मारत होती. मॅडम हात हलवून “नंतर येते, काकी,” म्हणाल्या आणि चालायला लागल्या. त्या सगळ्या पांढऱ्या-पिवळ्या फॉर्मांचं मूळ मला तेव्हा कळलं.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. सांगायची लाज वाटते, पण तो टाळून मॅडमबद्दल सांगताच येणार नाही.

ऑफिसात एक कडक नियम होता. गोळ्यांची माहिती कॉम्प्युटरवर चढवायची ती प्राजक्ता नावाच्या मुलीने. कॅन्सरची चढवायची ती मी. दोन्ही एका माणसाच्या डोळ्यांखालून जाऊ द्यायचं नाही. मॅडम म्हणायच्या, माणसाचं डोकं दोन गोष्टी शेजारी दिसल्या की त्यांचं लग्न लावून टाकतं. पण प्राजक्ता बाळंतपणाच्या रजेवर गेली, बदली माणूस मिळेना, आणि मॅडमनी पांढरे फॉर्मही माझ्याकडे दिले. “दोनच महिने,” म्हणाल्या.

गोळ्यांना आमच्याकडे नावांऐवजी अक्षरं होती. ‘ग’ ही त्यातली नवी, अलीकडे डॉक्टर देऊ लागलेली गोळी. मी स्वतः ‘ग’ घेत होतो. माझी शालूताईही घेत होती. एक दिवस एका पिवळ्या फॉर्मवालीचा पांढरा फॉर्म हाताखाली आला. ‘ग’. दुसऱ्या दिवशी आणखी एक. ‘ग’. मी खालच्या कार्यालयातून आलेल्या एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर रेघा ओढायला लागलो. ‘ग’च्या रांगेतल्या रेघा वाढत चालल्या. दुसऱ्या गोळ्यांच्या रांगा मागे राहिल्या. माझी तोंडाची चव गेली. मॅडमना विचारावं तर नियम मोडून रेघा ओढल्याचं सांगावं लागणार. आणि त्या काय म्हणणार, तेही ठाऊक होतं. ‘अजून माहीत नाही.’ मला माहीत झालंय असं मला वाटत होतं.

मी माझी गोळी बंद केली आणि ताईला फोन लावला.

शालूताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. वर्तकनगरच्या कॉलनीत तळमजल्यावर एकटी राहायची. तिच्याच भजनी मंडळातल्या बायका तिने आमच्या यादीत आणल्या होत्या, “माझा भाऊ आहे तिथे” म्हणून.

“ताई, ती नवी गोळी बंद कर,” मी म्हणालो. “विचारू नकोस का. आणि कुणाला बोलू नकोस.”

“अरे अरू, डॉक्टरांना विचारू का?”

“नको! मी आतलं बघितलंय.”

“बरं बाबा. तू आहेस तिथे, तुला कळतं.”



अडीच महिन्यांनी मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर चार पांढरे फॉर्म ओळीने मांडले होते. चारही फोन त्यांनी स्वतः केले होते. पत्ता चौघींचाही वर्तकनगरच्या एकाच कॉलनीचा, चौघीही ताईच्या भजनी मंडळातल्या. चौघींचीही ‘ग’ बंद, एकाच आठवड्यात बंद.

“गोळ्या साथीसारख्या बंद होत नाहीत, दामले,” त्या म्हणाल्या. मग चौथ्या फॉर्मवर बोट ठेवलं. गोळी बंद करण्याचं कारण, या रकान्यात त्यांनी त्या बाईचे शब्द जसेच्या तसे लिहून घेतले होते. ‘संशोधनातल्या माणसानेच सांगितलं.’

मी खिशातून लग्नपत्रिका काढून टेबलावर ठेवली. त्यांनी रेघा पाहिल्या. त्या चिडतील, ओरडतील असं मला वाटलं होतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला आणि त्या एवढंच म्हणाल्या, “तुमच्या ताई शेवटच्या कधी बोलल्या तुमच्याशी?”

आठवडा झाला होता. ताई फोनवर दमल्यासारखी वाटली होती, मी उन्हाळ्यावर ढकललं होतं. मॅडम वजनकाट्याची पिशवी तिथेच टाकून जिना उतरल्या. मी मागे. खाली नवरदेव घोड्यावर बसत होता. त्या वरातीतून त्या वाट काढत पळत होत्या आणि पंचावन्न वर्षांच्या बाईच्या मागे धावताना मला धाप लागत होती. इतका मी त्याआधी कधीच घाबरलो नव्हतो.

ताईने दार उघडलं, पण मला ओळखायला तिला वेळ लागला. जीभ जड झाली होती. डाव्या पायाला फडकं गुंडाळलेलं. नवी चप्पल चावली होती, तिला दुखलंच नव्हतं, म्हणून तिने लक्ष दिलं नव्हतं. मॅडमनी फडकं सोडलं आणि लगेच पुन्हा बांधलं. मला बघू दिलं नाही. “रिक्षा आणा,” म्हणाल्या. “आत्ता.”

ताई अकरा दिवस हॉस्पिटलात होती. पहिले तीन दिवस डॉक्टर आमच्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलत नव्हते. पायाची दोन बोटं काढावी लागली. मॅडम रोज यायच्या, पण माझ्याशी बोलायच्या नाहीत. ताईच्या पायाशी बसून चार्ट वाचायच्या. चौथ्या दिवशी व्हरांड्यात त्यांनी मला माझ्याच रेघा समजावल्या. त्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त कठीण गेलं.

“‘ग’ गोळी डॉक्टर कुणाला देतात? ज्याची शुगर एकदम हाताबाहेर जाते त्याला. उतारवयात शुगर एकदम का वाढते? कधीकधी आत गाठ असते म्हणून. मग गाठवाली माणसं ‘ग’च्या रांगेत जास्त दिसणारच. माझ्या वडिलांसारखी. म्हणून तर गोळी सुरू केल्यावर लगेच निघालेल्या गाठी आपण वेगळ्या काढतो आणि पुढची कितीतरी वर्षं वाट बघतो. तुम्ही सगळ्या एकत्र मोजल्यात.”

“म्हणजे गोळी चांगली आहे?” मी विचारलं.

“असं कुठे म्हणाले मी?” त्या म्हणाल्या. “काम अर्धं झालंय. मला माहीत नाही.”

पाचव्या दिवशी ताई नीट शुद्धीवर आली. मॅडमना बघून तिने पहिला प्रश्न विचारला तो हाच. “डॉक्टरीणबाई, ती गोळी घेतली तर मला कॅन्सर होईल का हो?”

मी मनात म्हटलं, सांगा ना नाही म्हणून. एकदा खोटं बोला. मॅडमनी ताईचा हात हातात घेतला. “ताई, होणारच नाही असं मी लिहून देऊ शकत नाही. आत्तापर्यंत जेवढं बघितलं त्यात तसं दिसलं नाही. पण गोळी सोडली तर काय होतं, ते आपण दोघींनी बघितलं.”

ताईने बराच वेळ पायाच्या बँडेजकडे बघितलं. मग म्हणाली, “चालू करा.” माझ्याकडे वळून म्हणाली, “तू पण कर रे. आणि रडू नकोस, सिस्टर बघतायत.”

मॅडमना हे प्रकरण दाबून टाकता आलं असतं. मी गप्प राहिलोच असतो. पण ज्या संस्थेचं हे काम होतं तिच्या समितीला त्यांनी पत्र लिहिलं आणि पाठवण्याआधी माझ्यासमोर ठेवलं. ‘दोन्ही फॉर्म एका माणसाकडे देण्याची चूक माझी,’ असं पहिल्याच ओळीत.

“माझं नाव घाला, मॅडम,” मी म्हणालो.

“घातलंय. पण दुसऱ्या नंबरवर.”

समितीने मला काढलं, ते योग्यच झालं. मॅडमकडून मात्र ती सबंध यादी काढून घेऊन दुसऱ्यांकडे दिली. आंबिवलीच्या त्या खोलीपासून त्या ज्या उत्तराच्या मागे होत्या, ते उत्तर आता दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर येणार होतं.  मॅडम पाच किलोचं लोखंडी माप तेवढं कागदात गुंडाळून घरी घेऊन गेल्या.

मला वाटलं, संपलं. पण चौघींपैकी एक बाकी होती. तिघींनी समजावल्यावर गोळी पुन्हा सुरू केली होती, ताईने तर हॉस्पिटलातच. चौथ्या रेगे काकू. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, आणि कारणाच्या रकान्यात ते वाक्य सांगणाऱ्याही त्याच. मी त्यांच्याकडे दोनदा गेलो. त्या सेफ्टी डोअरच्या आडूनच म्हणाल्या, “अरविंद, तू आधी खरं बोललास. आता तुझ्यावर दडपण आलंय म्हणून उलट बोलतो आहेस. मी मुलं शिकवली आहेत, मला समजतं.” माझं खोटं इतक्या सहज पोचलं आणि खरं काही केल्या पोचत नव्हतं. त्यांची शुगर रोज वाढत होती आणि मी रात्रंदिवस त्याच भीतीत होतो.

ताई घरी आल्यावर मी दुपारचा तिच्याकडे डबा घेऊन जायचो. तेव्हा मला कळलं की मॅडमही त्या कॉलनीत येतात. नोकरी म्हणून नाही, नुसत्याच. आठवड्यातून दोनदा तिसरा मजला चढायच्या, बंद दारासमोरच्या पायरीवर बसायच्या, जाळीतून दहा मिनिटं बोलायच्या आणि उतरून जायच्या. ताई म्हणाली, “अरे, त्या बाईला काय पडलंय एवढं? ऊन बघ किती.”

त्या दिवशी मी ताईला वाढून काकूंकडे आणखी एकदा जाऊन बघावं म्हणून जिना चढत होतो. वरून आवाज आले म्हणून दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबलो. मॅडम पायरीवर बसल्या होत्या. जाळीपलीकडे काकू उभ्या होत्या.

“तुम्ही मला इतकं सांगता,” काकू म्हणत होत्या. “एक विचारू? तुम्ही स्वतः घ्याल ही गोळी?”

मॅडमनी जाळीतून आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “घरात पोळी आहे का?”

“काय?”

“जेवणाबरोबर घ्यायची असते. सकाळपासून फिरतेय, खाल्लं नाहीये काही.”

 मग कडी वाजली आणि ते दार उघडलं. दुपारच्या वेळी दाराशी आलेल्या माणसाने खायला मागितल्यावर दार लावून घेणं काकूंना जमण्यातलं नव्हतं. त्यांनी मॅडमना आत खुर्चीवर बसवलं. पोळी आणि दुधीची भाजी वाढली, पाणी दिलं. दार उघडंच होतं. मॅडमनी चार घास खाल्ले आणि पर्समधून गोळ्यांची स्ट्रिप काढली. तिच्यातल्या निम्म्या गोळ्या संपलेल्या होत्या. मी ती लांबूनही ओळखली. ‘ग’.

“तुम्हाला आहे शुगर?” काकूंचा आवाज खाली आला.

“दोन महिने झाले निघाली.”

“आणि भीती नाही वाटत?”

“वाटते. रोज वाटते,” मॅडम म्हणाल्या. “वडील आठवतात, आई आठवते. मग घेते.”

गोळी त्यांनी तळहातावर घेतली.  डोळे मिटून त्यांनी गोळी तोंडात टाकली. पेला उचलला तर थोडं पाणी साडीवर सांडलं. मी कठडा घट्ट धरून उभा होतो. आजवर मी त्यांना स्वतःसाठी न भिणारी बाई समजत आलो होतो, याची मला फार लाज वाटली.

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, फ्रीजवरचा डबा काढला, त्यातली स्ट्रिप शोधली. एक गोळी फोडली आणि मॅडमच्या पेल्यात उरलेल्या पाण्याबरोबर गिळून टाकली.

“अहो काकू, आधी खायला हवं होतं,” मॅडम म्हणाल्या.

“मी जेवले आहे,” काकू म्हणाल्या. “तुम्ही खा. भाजी वाढू?”